कुलूपबंद खोली आणि ग्रीनकार्ड

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने नागरिकाच्या आईवडिलांना दिलेले स्थान जगातील फार थोड्या देशांत आढळते. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने आईवडिलांचा समावेश 'निकटच्या नातेवाइकां'त केला. वर्षाला किती व्हिसा द्यायचे याची मर्यादा या वर्गाला लागू होत नाही, त्यामुळे एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाने अर्ज केला की त्याच्या आईवडिलांना रांगेत उभे राहावे लागत नाही आणि कागद तपासण्यात जाईल तेवढाच वेळ लागतो. भावंडांसाठीच्या वर्गात भारतीयांना पंधरा वर्षांहूनही जास्त थांबावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. तरीही लोअर परळच्या चाळीतून ज्याचे अपत्य अमेरिकेत गेले आहे, अशा कुटुंबाला ही वाट सोपी जात नाही, आणि त्याची कारणे अमेरिकेच्या कायद्यात आहेत त्याहून अधिक गिरणगावाच्या दप्तरांत आणि मुंबईच्या भाडेकायद्यात आहेत.

पहिला विलंब अपत्याच्याच वाट्याला येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावत गेली आणि कामगारांच्या ज्या मुलांना शिक्षण पुरे करता आले, त्यांपैकी काही जण संगणकक्षेत्रातून परदेशी गेले. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने आजच्या स्वरूपातील एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा आणला, पण नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीनकार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, वर्षाला सुमारे १,४०,००० एवढ्यावरच ठेवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक घातला. भारतीय अर्जदारांची रांग त्यामुळे दशकाहून लांबली आहे. ग्रीनकार्ड हाती आल्यावरही नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे काढावी लागतात आणि केवळ ग्रीनकार्ड असलेल्या मुलाला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. विशीत गेलेला मुलगा अर्जास पात्र होतो तेव्हा तो पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि आईवडील सत्तरी ओलांडून गेलेले असतात. शिवाय परदेशी नागरिकत्व घेताच भारताच्या १९५५ च्या कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. आईवडिलांना आपल्याजवळ कायमचे आणण्यासाठी अपत्याने आधी स्वतः मायदेशाला परके व्हावे, ही या व्यवस्थेतील अट आहे आणि ती वाटते त्याहून जड आहे.

अर्जाच्या मूळ नमुन्याला आय-१३० म्हणतात. तो आईसाठी आणि वडिलांसाठी स्वतंत्रपणे भरावा लागतो, कारण या वर्गात एकाच्या अर्जावर दुसरा जोडीदार किंवा धाकटे भावंड सोबत जाऊ शकत नाही. अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते आणि तेथून मुलाखतीसाठी मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येते. कायमच्या वास्तव्याचे व्हिसा भारतात मुख्यतः याच ठिकाणी दिले जातात. २०११ पर्यंत हा दूतावास ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होता, आता तो वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अपत्याला आय-८६४ हे पोषणाचे हमीपत्रही द्यावे लागते. १९९६ च्या कायद्याने त्याला कराराचे बळ दिले असून आपले उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे हमीदाराला दाखवावे लागते. २०२५ च्या निकषांप्रमाणे आईवडील धरून सहा माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे ५३,९०० डॉलर होते. संगणकक्षेत्रातील पगारदाराला ती अवघड नाही. खरी अडचण कागदांची असते.

गिरणी कामगार मुंबईत राहत असला तरी त्याच्या घरातील जन्म बहुधा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा किंवा कोल्हापूरकडच्या गावी, त्यातही पहिले बाळंतपण माहेरी, होत असे. १९४० किंवा १९५० च्या दशकात गावी जन्मलेल्या माणसाचा जन्मदाखला मिळवायचा तर तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, उघडावी लागते. नोंद सापडली तरी तिच्यात बापाचे नाव, जात, जन्माचा दिवस आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते, कारण नोंद होते तेव्हा बारसे झालेलेच नसते. पुढे शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे मास्तर १ जून लिहीत, आणि तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पारपत्रावर उतरते. कोतवाल बुकातील श्रावणातला जन्म आणि पारपत्रावरील जूनमधला जन्म एकाच माणसाचा आहे, हे परक्या देशाच्या अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. नोंद मुळीच सापडली नाही तर नोंद नसल्याचा दाखला सक्षम कार्यालयाकडून घेऊन त्याच्यासोबत शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र जोडण्याची सोय आहे. परंतु सत्तरीच्या माणसाच्या जन्माची माहिती असणारे वडीलधारे किती जण हयात असणार, हा प्रश्न उरतोच.

आईच्या बाबतीत गुंता वाढतो. लग्नात केवळ आडनावच नव्हे तर नावही बदलण्याची रीत होती, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावरील मुलगी, रेशनकार्डावरील सून आणि पारपत्रावरील वृद्धा या तिन्ही व्यक्ती कागदावर वेगळ्या दिसतात आणि त्यांना जोडण्यासाठी प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची जाहिरात लागते. वडिलांसाठी अर्ज करताना अपत्याच्या जन्मदाखल्यासोबत आईवडिलांच्या विवाहाचा पुरावाही मागितला जातो, आणि १९६०-७० मध्ये गावच्या मांडवात झालेली लग्ने नोंदवण्याची कोणाला गरज वाटलेली नसते, तेव्हा पन्नास वर्षांच्या संसारानंतर नोंदणी कार्यालयाची पायरी चढावी लागते. अपत्याचा स्वतःचा दाखला त्यामानाने सोपा असतो. फक्त तो शोधताना एक गोष्ट माहीत असावी लागते: लोअर परळ महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात असले तरी केईएम रुग्णालयातला जन्म परळच्या एफ-दक्षिण विभागाच्या दप्तरी सापडतो, कारण जन्माची नोंद घराच्या पत्त्यावर नव्हे तर जन्म झाला त्या जागेवर होते.

कागदांचा प्रश्न चिकाटीने सुटतो. वास्तव्याचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. ग्रीनकार्ड हे अमेरिकेत ये-जा करण्याचे तिकीट नसून तेथे घर करण्याचा परवाना आहे. धारक सलग वर्षभराहून अधिक बाहेर राहिला तर नुसत्या कार्डावर त्याला परत प्रवेश मिळत नाही, आणि दोन वर्षांपर्यंतचा पुनःप्रवेश परवाना हवा असेल तर अमेरिकेत असतानाच अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक अनुपस्थिती झाली की विमानतळावर चौकशी होऊ शकते आणि पुढील नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य तुटल्याचे मानले जाते. 'सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे' हा हिशेब त्यामुळे घरोघर मांडला जातो. पण खरे घर भारतातच आहे असे अधिकाऱ्याला दिसले तर तोही पुरेसा ठरत नाही.

आता हाच हिशेब चाळीच्या बाजूने पाहावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १६ नुसार, ज्या कारणासाठी जागा भाड्याने दिली त्यासाठी ती दावा दाखल होण्यापूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापरली गेली नसेल तर घरमालकाला ताबा मागता येतो. पागडीच्या खोलीचे भाडे महिन्याला काही शे रुपये आणि जमीन आजच्या लोअर परळमध्ये, जेथे फिनिक्स, कमला आणि मथुरादास या गिरण्यांच्या आवारांत मॉल व कचेऱ्या उभ्या आहेत, तेथे अशा दाव्याची प्रेरणा किती प्रबळ असेल हे सांगायला नको. खोली बंद होती हे दाखवायला बेस्टची वीजबिले पुरतात: जानेवारीपासून जुलैपर्यंत जवळजवळ शून्य युनिट असलेले बिल लघुवाद न्यायालयात साक्षीदारासारखे उभे राहते. भाच्याला राहायला ठेवावे तर पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप संभवतो. भाडेकरू मरण पावल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क कायदा प्रथम पाहतो, आणि अमेरिकेतील मुलगा तेथे राहत नसल्याने, तसा कोणी कुटुंबीय नसेल तेव्हाच, अन्य वारसांबरोबर त्याचा विचार होतो. ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी सरकारी असल्याने हा कायदा तेथे लागू होत नाही; पण म्हाडाच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळवायचे तर पात्रतेचे पुरावे आणि प्रत्यक्ष हजेरी तेथेही लागतेच.

दोन सरकारांनी वेगवेगळ्या हेतूंनी घातलेली सहा महिन्यांची मर्यादा अशी एकाच वृद्ध दांपत्यावर येऊन पडते. एका कायद्याला परवान्याचा साठा होऊ नये असे वाटते, दुसऱ्याला घराच्या टंचाईत जागा कुलूपबंद राहू नये असे वाटते. दोन्ही हेतू रास्त आहेत, परंतु आयुष्याची उतरती वर्षे दोन घरांत वाटून घेणारे म्हातारपण त्यांपैकी एकाच्याही विचारात नाही. चाळीच्या बाबतीत आजारपण, उपचार किंवा अपत्याकडील तात्पुरता मुक्काम हे 'वाजवी कारण' म्हणून स्पष्ट नोंदवणारी दुरुस्ती विधिमंडळाने करणे अवघड नाही, आणि ती झाली पाहिजे.

इतर देशांत हा पेच निराळ्या रूपात येतो. ब्रिटनने जुलै २०१२ पासून, हवी ती देखभाल मायदेशी मिळणे अशक्य असल्याचे सिद्ध करण्याची अट घालून दार जवळजवळ लावून घेतले. ऑस्ट्रेलियात साध्या पालक व्हिसाची प्रतीक्षा तीन दशकांच्या घरात आहे आणि जलद मार्गाला माणशी चाळीस हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागतात. कॅनडात कायम वास्तव्याची निमंत्रणे सोडतीने निघत आली. मात्र डिसेंबर २०११ पासून दिला जाणारा 'सुपर व्हिसा' आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो आणि तेथेच घर करण्याची अट घालत नाही. चाळकरी आईवडिलांच्या गरजेला तो सर्वांत जवळचा वाटतो.

अमेरिकेत गेल्यावर आजारपणाचा खर्च हा दुसरा मोठा विषय ठरतो, कारण तेथे कधीही नोकरी न केलेल्या वृद्ध स्थलांतरिताला मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात पैसे भरून शिरायलाही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते आणि गरिबांसाठीच्या केंद्रीय योजनांनाही १९९६ च्या दुसऱ्या एका कायद्याने बहुतांशी पाच वर्षांची आडकाठी घातली आहे. केईएमच्या केसपेपरवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब उमगतो तेव्हा अनेकदा परतीचा विचार पक्का होतो. तशा वेळी आय-४०७ हा नमुना भरून ग्रीनकार्ड स्वेच्छेने परत करता येते. त्यानंतर नातवंडांकडे जाण्यासाठी पाहुण्याचा बी-२ व्हिसा मागता येतो. तो मिळालाच तर प्रत्येक खेपेला सहसा सहा महिन्यांपर्यंत राहू दिले जाते, आणि परत येण्याची तारीख ठरवताना बेस्टच्या बिलाचा महिनाही मोजावा लागतो.