बुद्धिबळातील घोडचूक आणि चंचल अवधान

इ. स. १८९२ मध्ये हॅवाना येथे विल्हेल्म स्टाइनिट्झ व मिखाइल चिगोरिन यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. तेविसाव्या डावात चिगोरिन एका मोहऱ्याने वरचढ होता. तो डाव जिंकता तर दोघांची बरोबरी झाली असती. परंतु राजाजवळच्या प्याद्याचे रक्षण करणारा उंट त्याने भलतीकडे नेला. पुढच्या दोन खेळ्यांत मात अटळ झाली आणि सामनाही हातचा गेला. २००६ च्या नोव्हेंबरात बॉन येथे जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक याने डीप फ्रिट्झ या संगणक-प्रणालीविरुद्ध खेळताना वजिराची अदलाबदल करू पाहिली. त्याच क्षणी त्याच्या राजावर एका खेळीत मात होत होती.

यातील एकही चूक अज्ञानाची नव्हती. अशा मात नवशिक्यालाही दाखविता येतात. घोडचूक बहुधा ज्ञानाची नसते, अवधानाची असते. मग ज्याचे अवधान स्वभावतःच अस्थिर आहे, त्याने काय करावे?

अवधानाची न्यूनता व अतिचंचलता हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जॉर्ज स्टिल या ब्रिटिश वैद्याने १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांत अशा काही मुलांचे वर्णन केले होते. ‘एडीएचडी’ हे आजचे नाव १९८७ पासून रूढ झाले. पुष्कळांच्या बाबतीत तो प्रौढपणीही टिकतो. अशा मुलाला मुळीच लक्ष देता येत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. आवडीच्या गोष्टीत ते इतके गढून जाते की हाक मारली तरी ऐकू येत नाही. अवघड जाते ते अवधानाचे नियमन : उसळलेली ऊर्मी आवरणे, पाहिलेली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवणे, आणि एका जागी खिळलेली नजर वेळेवर दुसरीकडे वळविणे.

पटावर या तिन्हींची परीक्षा होते. आपण वजिराच्या बाजूला सुंदर हल्ला रचीत असतो आणि प्रतिपक्षाचा उंट दूरच्या कोपऱ्यातून आपल्या हत्तीकडे पाहत असतो. शिवाय हात लावलेला मोहरा हलविलाच पाहिजे, असा नियम आहे. तेथे उतावळ्या हाताला क्षमा नाही.

अशा खेळाडूला ‘लक्ष दे’ असे बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. जे कमी आहे तेच त्याच्याकडून मागितले जाते. त्यापेक्षा तपासणीचे काम मनावरून काढून हातावर सोपवावे. बेंजामिन ब्लुमेनफेल्ड या सोव्हिएत खेळाडूचा सल्ला प्रसिद्ध आहे : ठरलेली खेळी आधी कागदावर लिहावी, मग पट नवशिक्याच्या नजरेने पाहावा, आणि त्यानंतरच मोहरा उचलावा. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आपली खेळी आधी लिहिता येत नाही. परंतु प्रतिपक्षाची खेळी उत्तर देण्यापूर्वी लिहिण्यास आडकाठी नाही. ती लिहीपर्यंत हात लेखणीत गुंतलेला असतो, आणि एवढ्या अवधीत एक प्रश्न विचारता येतो : या खेळीने कोणता शह, कोणती मार, कोणती धमकी निर्माण झाली? उत्तर ठरल्यावर हाच प्रश्न आपल्या खेळीविषयी पुन्हा विचारावा. दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसण्याची जुनी युक्ती हास्यास्पद वाटेल, पण ती उपयोगी आहे.

प्रतिपक्ष विचारात असताना उठून चार पावले चालावे. त्यास नियमांची हरकत नाही. परत आल्यावर पट जणू प्रथमच पाहिल्यासारखा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न्याहाळावा. तीन-पाच मिनिटांचे झटपट डाव चंचल मनाला फार रुचतात. परंतु त्यांत हात डोळ्यांच्या पुढे धावण्यास शिकतो. सराव दीर्घ डावांचाच करावा.

औषधांविषयी एक प्रयोग उद्बोधक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ निरोगी पुरुष खेळाडूंना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, कॅफीन किंवा निष्क्रिय गोळी देऊन संगणकाविरुद्ध खेळविण्यात आले. उत्तेजके घेणाऱ्यांनी प्रत्येक खेळीवर अधिक वेळ विचार केला; त्यामुळे अनेक डाव त्यांनी घड्याळावर गमावले. मिथाइलफेनिडेट हे या विकारावरील मान्य औषध असले, तरी उत्तेजक म्हणून ते स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. वैद्यांनी ते दिले असल्यास, ज्या स्पर्धांना हे नियम लागू आहेत तेथे उपचारार्थ सवलतीचा अर्ज खेळाडूने आधीच करावयाचा असतो.