वर आल्यानंतरचे पंधरा सेकंद

१७ नोव्हेंबर २०१३. बहामा बेटांमधल्या लाँग आयलंडच्या किनाऱ्याला लागून ‘डीन्स ब्लू होल’ नावाचा समुद्रातला डोह आहे, दोनशे मीटरहून खोल. तिथं ‘व्हर्टिकल ब्लू’ ही स्पर्धा सुरू होती. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला बत्तीस वर्षांचा निकोलस मेवोली पायात फिन्स न घालता, एका दमात ७२ मीटर खाली जाऊन परत येणार होता. जमलं असतं तर त्या प्रकारातला अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर लागला असता. ६८ मीटरवर तो थबकला, वळल्यासारखा झाला आणि पुन्हा खालीच गेला. साडेतीन मिनिटांहून अधिक वेळानं तो पाण्यावर आला. हातानं खूण केली, पण ठरलेले शब्द त्याच्या तोंडून नीट उमटले नाहीत. थोड्याच वेळात त्याची शुद्ध हरपली. फुप्फुसांना जबर इजा झाली होती. डॉक्टरांचे प्रयत्न अपुरे पडले.

‘आयडा’ ही फ्रीडायव्हिंगची, म्हणजे एका दमात बुडी मारण्याच्या खेळाची, आंतरराष्ट्रीय संस्था १९९२ साली फ्रान्समध्ये स्थापन झाली. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत खेळाडू दगावण्याची ती पहिलीच घटना.

मेवोली कच्चा गडी नव्हता. त्याच वर्षी होंडुरासजवळच्या स्पर्धेत तो फिन्स घालून १०० मीटर खाली जाऊन आला होता आणि असं करणारा पहिला अमेरिकन ठरला होता. पण स्पर्धेत उतरून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. जिद्दीनं आकडा लवकर गाठता येतो. छातीचा पिंजरा, फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या मात्र आपल्या वेळेनं तयार होतात.

राष्ट्रीय विक्रमाचा मोह ही घाई वाढवतो. पुरुषांच्या विनाफिन प्रकारात न्यूझीलंडच्या विल्यम ट्रुब्रिजनं २०१६ मध्ये १०२ मीटरचा जागतिक विक्रम केला. नवशिक्याला तिथपर्यंतचं स्वप्नही पडत नाही. मात्र ज्या देशात हा खेळ नुकता रुजतोय, तिथं राष्ट्रीय विक्रमाचा आकडा दोन-चार वर्षं मेहनत केलेल्या माणसाच्या टप्प्यात असू शकतो. त्यामुळे अशा देशात नवशिक्यांना शिकवणाऱ्याचं पहिलं काम त्यांना खाली न्यायचं नसतं. कुठून परत फिरायचं, हे त्यांच्या अंगवळणी पाडायचं असतं.

हा विषय आपल्याकडे, तोही भंडारा जिल्ह्यात काढला, तर ऐकणारा हसेल. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण पाणी आणि दम यांचं नातं या जिल्ह्याला नवं नाही. भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी आहे. कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदांत आणि बोलण्यातही ‘मामा तलाव’ म्हणतात, ते गावोगाव आहेत. मधून वैनगंगा वाहते आणि पवनी तालुक्यात तिला गोसीखुर्दचं धरण अडवतं. या पाण्यावर ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. डोंगा, जाळं, मरळ, शिंगाडा हे त्याचं जग. नदीत किंवा तलावात कुणी बुडालं की पोलीस आधी याच लोकांना हाक मारतात. बातमीत मग एक ठरलेलं वाक्य येतं, की स्थानिक ढिवर बांधवांच्या मदतीनं शोध घेतला.

ढिवरांची ही बुडी आणि स्पर्धेची बुडी यांत शरीर एकच असतं. चेहरा गार पाण्यात गेला आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळतं. प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. सील, देवमासा यांच्यात हे ठळक दिसतं. माणसातही ते जन्मजात आहे. आग्नेय आशियातल्या बजाऊ या दर्यावर्दी समाजाची तपासणी करून मेलिसा इलार्डो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं, की त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे निम्म्यानं मोठी असते, आणि बुडी न मारणाऱ्या बजाऊंमध्येही ती तशीच आढळते. म्हणजे काही गोष्टी रक्तातून येतात.

सगळ्याच येत नाहीत. अंदमान समुद्रातल्या मोकेन समाजाची मुलं चष्म्याशिवाय पाण्याखाली विलक्षण स्पष्ट पाहतात. स्वीडनच्या ॲना गिस्लेन यांनी हे २००३ मध्ये मोजलं आणि पुढे स्वीडनमधल्या मुलांना सराव दिला, तर त्यांनाही ते साधलं. समुद्रकाठी जन्म झाला नाही म्हणून दार बंद, असं समजायचं कारण नाही. नताल्या मोल्चानोव्हा या रशियन जलतरणपटूनं वयाच्या चाळिशीत फ्रीडायव्हिंग सुरू केलं. २०१३ साली बेलग्रेडला पाण्यात निश्चल राहून तिनं ९ मिनिटं २ सेकंद श्वास रोखला. नऊ मिनिटांपलीकडे गेलेली ती पहिली महिला.

या खेळाचे प्रकार दोन ठिकाणी विभागले आहेत. तरणतलावातल्या ‘स्टॅटिक’मध्ये पाण्यात पालथं तरंगत श्वास रोखायचा आणि वेळ मोजायचा. ‘डायनॅमिक’मध्ये पाण्याखालून आडवं अंतर कापायचं, कधी फिन्स घालून, कधी नुसत्या हातापायांनी. २०१६ मध्ये फिनलंडच्या तुर्कू शहरात पोलंडचा मातेउश मालिना आणि ग्रीसचा ग्योर्गोस पानाग्योताकिस या दोघांनीही फिन्ससह ३०० मीटर कापले, म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या सहा लांब्या. खोलीचे प्रकार समुद्रात किंवा खोल सरोवरात होतात. उभ्या सोडलेल्या दोराच्या कडेनं खाली जायचं, तळाच्या तबकडीवरचं टॅग घ्यायचं आणि वर यायचं.

नवशिक्याची पहिली गाठ पडते ती कानाशी. दहा मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्मी जागा व्यापते. वीस मीटरवर ती तिसरा हिस्सा उरते, तीस मीटरवर चौथा. कानाच्या पडद्यामागची हवाही तशीच आकसते, म्हणून दर मीटर-दोन मीटरला तिथं हवा ढकलावी लागते. नाक चिमटीत धरून छातीच्या जोरानं फुंकण्याची सर्वसाधारण पद्धत डोकं खाली असताना फार दूर नेत नाही. जिभेच्या मागच्या भागानं पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा वर लोटायची ‘फ्रेंझेल’ पद्धत शिकावी लागते. तिचा सराव घरी, कोरड्यात, आरशासमोर करता येतो आणि बरेच जण आठवडेच्या आठवडे तेच करतात. कान दुखायला लागल्यावरही पुढं रेटलं तर पडदा फाटतो. परत फिरण्याचा पहिला धडा असा पाच-सात मीटरवरच मिळतो.

दुसरी गाठ श्वासाच्या ओढीशी. दम कोंडल्यावर छातीत जी तडफड होते, ती ऑक्सिजन संपल्यामुळे होते, असा सर्वांचा समज असतो. खरं तर रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची ती हाक असते आणि तेव्हा ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. श्वासपटलाला आचके बसू लागतात. सराव झालेला माणूस ते आचके शांतपणे सोसतो. त्यासाठी ठरावीक वेळ श्वास रोखायचा आणि मधली विश्रांती हळूहळू कमी करत न्यायची, अशी कोष्टकं असतात. ती जमिनीवर, गादीवर पडून करायची. पाण्यात एकट्यानं कधीच नाही.

मराठी घरातल्या मुलाला इथं वेगळा धोका संभवतो. प्राणायाम आपल्याकडे नवा नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून श्वासाच्या क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, आणि एलबा बेटाजवळ १९७६ मध्ये शंभर मीटरचा टप्पा गाठणारा फ्रेंच पाणबुड्या जाक मायोल योगाभ्यास करत असे. संथ, दीर्घ श्वसन या खेळात उपयोगी पडतं. मात्र बुडी मारण्याआधी भस्त्रिका किंवा कपालभाती जोरात करणं घातक आहे. भराभर श्वास घेतल्यानं ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड तेवढा धुऊन निघतो. मग धोक्याची हाक येतच नाही आणि माणूस बरं वाटत असतानाच बेशुद्ध होतो. ‘मी पाण्याखाली दोन लांब्या मारतो’ अशा पैजा लावणारी चांगली पोहणारी मुलं तरणतलावात दगावतात, ती बहुधा अशीच.

खोलीच्या बुडीत हा धोका तळाशी नसतो, परतीच्या शेवटच्या टप्प्यात असतो. खाली दाबामुळे ऑक्सिजन रक्तात सहज जातो. वर येताना दाब झपाट्यानं उतरतो, फुप्फुसं फुलतात आणि उरलेला ऑक्सिजन मेंदूला पुरेनासा होतो. शुद्ध हरपण्याचे बहुतेक प्रसंग शेवटच्या दहा मीटरमध्ये किंवा पाण्यावर आल्यानंतर काही सेकंदांत घडतात. म्हणून स्पर्धेत सुरक्षा-पाणबुडे खोलवर जाऊन खेळाडूला सामोरे येतात आणि त्याच्याबरोबर वर चढतात. खेळाडू ‘लॅनयार्ड’ या आखूड दोरीनं मुख्य दोराला बांधलेला असतो. सरावाचाही नियम सरळ आहे: एक खाली, एक वर. आणि दोन बुड्यांमध्ये किमान बुडीच्या दुप्पट वेळ विश्रांती.

हा नियम थोरामोठ्यांनाही सवलत देत नाही. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ खासगी शिकवणी देत असताना मोल्चानोव्हानं स्वतःसाठी बुडी मारली. तिच्या हिशेबानं ती किरकोळ खोलीची होती. ती पुन्हा दिसली नाही.

विक्रम कसा मोजतात, हे पाहिलं की खेळाचा रोख कळतो. खोलीच्या स्पर्धेत खेळाडूला आपला आकडा आदल्या दिवशीच जाहीर करावा लागतो. तिथं पोचून ‘अजून थोडं खाली जाऊ’ असं चालत नाही. आधीच वळलात तर राहिलेल्या दर मीटरला एक गुण वजा होतो, टॅग आणलं नाही म्हणून आणखी एक. पण बुडी बाद होत नाही. वर आल्यावर पंधरा सेकंद मिळतात. त्यात चेहऱ्यावरचा मास्क किंवा नाकाचा चिमटा काढायचा, बोटांनी ‘ठीक’ची खूण करायची आणि ‘आय ॲम ओके’ म्हणायचं, याच क्रमानं. नाक-तोंड पुन्हा पाण्यात गेलं, क्रम चुकला किंवा शुद्ध गेली की पंच लाल कार्ड दाखवतात. मग शंभर मीटरची बुडीही शून्य. शुद्धीवर असलेला मेंदू वर आला, याचा हा पुरावा असतो, आणि सगळं नीट जमलं तर पंच पांढरं कार्ड दाखवतात. राष्ट्रीय विक्रमालाही मान्यताप्राप्त स्पर्धा, पंच आणि हेच पंधरा सेकंद लागतात.

ट्रुब्रिजनं २०१४ मध्ये हाच १०२ मीटरचा प्रयत्न न्यूझीलंडच्या दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात केला होता. तळ गाठून परत येताना, पृष्ठभाग जवळ आला असताना त्यानं मदतीची खूण केली आणि सुरक्षा-पाणबुड्यांनी त्याला वर आणलं. देश पाहत होता, विक्रम बुडाला. दीड-पावणेदोन वर्षांनी त्यानं तो पुरा केला.

भंडाऱ्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे शिकायचं असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे मामा तलावात सराव करू नये. पाणी गढूळ, तळाशी गाळ, वेलींचा आणि जुन्या जाळ्यांचा गुंता. वर थांबलेल्या जोडीदाराला खालचा माणूस दिसतच नाही. गोसीखुर्दच्या जलाशयातही बुडालेली झाडं आणि गढूळपणा आहेच. तरणतलाव हीच खरी सुरुवात. स्टॅटिक आणि डायनॅमिक या प्रकारांना समुद्राची गरज नाही, आणि भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटरवर आहे. आयडाच्या दुसऱ्या पातळीच्या अभ्यासक्रमाला साधारण दोन मिनिटं श्वास रोखणं आणि चाळीस मीटर पाण्याखालून पोहणं अपेक्षित असतं. नियमित पोहणाऱ्या तरुणाला ते आवाक्याबाहेरचं नाही. पाण्याखालची भीती मोडायला मालवणजवळच्या तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग संस्था आहे. तिथं शिकवतात ते टाकी पाठीवर बांधून उतरणं, तो वेगळा खेळ; शिवाय मालवणचा किनारा उथळ आहे. खोलीचा सराव मात्र अंदमानसारख्या स्वच्छ, खोल पाण्यातच करावा लागतो, आणि तिथं फ्रीडायव्हिंग शिकवणारे प्रशिक्षकही आहेत. प्रवास, राहणं, साहित्य यांचा खर्च भंडाऱ्यातल्या कुटुंबाला जड जाईल, हेही खरं.

आयडाच्या अभ्यासक्रमात नुसते स्वतःचे आकडे पुरे केले तरी विद्यार्थ्याला उत्तीर्ण करत नाहीत. त्याला जोडीदाराला वाचवून दाखवावं लागतं. बेशुद्ध झाल्याचं सोंग घेतलेल्या माणसाला पाण्याखालून उचलायचं, त्याचं नाक-तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, चेहऱ्यावर फुंकर घालायची, गालावर थोपटायचं, नावानं हाक मारून ‘श्वास घे’ म्हणायचं, आणि तरीही श्वास आला नाही तर तोंडानं श्वास द्यायचा. वैनगंगेच्या काठावर, घाटावर किंवा गणपती विसर्जनाच्या गर्दीत कुणी बुडालं तर नाक-तोंड पाण्याबाहेर काढणं आणि श्वास देणं, हेच आधी करायचं असतं. तरणतलावातल्या प्रकारांसाठी या कसरतीचा सराव करायला समुद्र लागत नाही. तरणतलाव, शिकवणारा प्रशिक्षक आणि आलटून पालटून बुडी मारणारे दोघे जण असले की पुरतं.