सरकारी गुत्ता आणि मजुराची रास्त मजुरी

सरकारी काम सर्वांत कमी दराच्या गुत्तेदारास द्यावे, हा नियम वरवर पाहता लोकहिताचा वाटतो. परंतु आपण व्यापारी. कोणताही व्यवहार ताजव्यात घालून पाहणे हा आपला धर्मच आहे. रस्ता असो, नाली असो वा घाट असो, सिमेंट, लोखंड व डिझेल यांचे भाव सर्व गुत्तेदारांस जवळजवळ सारखेच पडतात. मग एकाचा दर इतरांहून फार खाली येतो तो कशाच्या बळावर? क्वचित कसबाच्या, पुष्कळदा हलक्या मालाच्या, नाहीतर मजुराच्या पोटाच्या. हलका माल तपासणीत सापडू शकतो. कापलेली मजुरी मात्र हजेरीपटावर अंगठा उमटला की दृष्टीआड होते.

हा विचार नवा नव्हे. सरकारी कामावरील मजुरास त्या धंद्यातील चालू दराने मजुरी मिळावी, असा ठराव ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने १८९१ साली केला. १९४९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ९४ क्रमांकाच्या करारान्वये ही अट सरकारी करारपत्रातच घालण्याचे ठरविले. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडील बोधप्रद उदाहरण दिल्लीच्या एशियाडचे. तेथील बांधकामावर मजुराची किमान मजुरी दिवसास सव्वानऊ रुपये होती; त्यांतून जमादार एक रुपया दलाली कापून घेत. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की किमान मजुरीहून कमी देऊन काम घेणे ही वेठच होय, आणि काम गुत्त्याने दिले म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही.

गुत्तेदाराने मजुरी थकविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचे तत्त्व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही कायम आहे. मात्र केंद्रीय संहितेतील ते प्रकरण ५० वा अधिक कंत्राटी कामगारांच्या आस्थापनांनाच लागू आहे. आपल्या गाणगापूरसारख्या क्षेत्रातील कामे बहुधा लहान असतात. तेथे मजुराचा खरा आधार करारपत्रातील अट हाच.

यास्तव तीन गोष्टी व्हाव्यात. टेंडरमध्ये मजुरीचा दर स्पष्ट लिहावा. तो कामाच्या ठिकाणी कन्नड व मराठीत फलकावर लावावा. आणि मजुरी पोहोचल्याची खात्री झाल्यावाचून अखेरचे बिल मंजूर होऊ नये. यामुळे काम महागेल असे कोणी म्हणतील. परंतु पुरी मजुरी धरून जो आकडा येतो, तीच कामाची खरी किंमत. तीहून कमी दर म्हणजे उणे माप होय.

पुरी मजुरी मिळाली तर ती ज्वारी-तुरीच्या खरेदीने आपल्याच पेठेत येते. बुडालेली मजुरी उधारीच्या वहीत येते. जे सभासद बंधू सरकारी गुत्ते घेतात, त्यांनी दर भरताना मजुराचा हिस्सा प्रथम बाजूस काढावा. मग नफा कमी उरला तरी चालेल. तो निर्मळ असेल.