फोन आणि संगणकातल्या नोंदी जुळवणारा काउचडीबी

रेंज नसतानाही फोनवर आणि संगणकावर लिहिता यावं, नेट आलं की दोन्हीकडे सारखंच दिसावं, यासाठी मला काउचडीबी हा डेटाबेस फार आवडतो. लोटस नोट्स या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये तो सुरू केला. फोनच्या ब्राउझरमध्ये त्याचा जोडीदार पाउचडीबी चालतो.

खरी गंमत आहे आवृत्त्यांमध्ये. प्रत्येक नोंदीला '३-' सारखा बदलांचा क्रमांक आणि पुढे एक लांबलचक खूण असते. समजा, एकच नोंद तुम्ही गाडीत फोनवर बदललीत आणि घरी कुणी संगणकावर. सिंक झाल्यावर दोन्ही आवृत्त्या दोन्हीकडे पोचतात. जिच्यात जास्त वेळा बदल झालेत ती वर दिसते; बरोबरी असेल तर खुणेच्या क्रमाने ठरतं. घड्याळ कुठेच पाहिलं जात नाही, तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना न विचारता तीच आवृत्ती निवडतात. किती सुंदर!

मागे पडलेली आवृत्ती आपोआप पुसली जात नाही, पण ती मुद्दाम मागावी लागते. म्हणून काउचडीबीवर चालणारं ॲप घेताना ते अशा दोन आवृत्त्या दाखवतं का, हे आधी बघा. आणि बॅकअप वेगळा ठेवाच, कारण फोनवर खोडलेली नोंद सिंकमुळे संगणकावरूनही जाते.