जॉन डो यांची जमीन

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जमिनीच्या मालकीचा वाद ज्या ‘इजेक्टमेंट’ दाव्याने चाले, त्यातील वादी जॉन डो आणि प्रतिवादी रिचर्ड रो हे दोघेही अस्तित्वातच नसत. मालकीचे जुने दावे अतोनात दिरंगाईचे. पट्टेदाराचा दावा त्यामानाने सुटसुटीत. म्हणून मालक काल्पनिक पट्टेदार उभा करी. खऱ्या कब्जेदारास सावध करणारे मित्रत्वाचे पत्र रो याच्याच नावे जाई! पट्टा, प्रवेश व हकालपट्टी कबूल केल्यावाचून त्यास बचाव करता येत नसे. परंतु नवा काल्पनिक पट्टा म्हणजे नवा दावा; हरलेला धनवान पुन्हा उभा राही. त्यास रोखण्यासाठी चॅन्सरी न्यायालयाचा मनाईहुकूम, म्हणजे आणखी खर्च. या चातुर्याचे कौतुक करणारे हा हिशेब मांडीत नाहीत. १८५२ च्या कायद्याने डो व रो यांचीच हकालपट्टी केली.