गरम पाण्याचे झरे : गुण आणि पथ्य

थंडी पडली की सांधे धरतात आणि घरोघरी 'उन्हाळ्यांची' आठवण निघते. उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचा झरा. कोल्हापूरकरांना अणुस्कुरा घाट उतरून गेले की राजापूरजवळ उन्हाळे गावी असा झरा आहे. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी व आरवली येथेही आहेत.

पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वर येताना खडकांतील क्षार घेऊन येते. काही झऱ्यांना येणारा उग्र वास गंधकयुक्त वायूचा असतो.

ऊन पाण्यात बसल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात आणि पाण्याच्या आधाराने सांध्यांवरचा भार हलका होतो. त्यामुळे काही काळ आराम पडतो. पण संधिवात मुळातून जात नाही. म्हणून चालू औषधे बंद करू नयेत.

सर्वांत जपायचे ते मधुमेहींनी. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाणी कढत आहे हेच कळत नाही, पाय भाजतो आणि जखम चिघळते. पाणी किती गरम आहे हे आधी सोबतच्या माणसाने हात घालून पाहावे. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारावे. ताप किंवा उघडी जखम असल्यास कुंडात उतरू नये. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. डोके बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. उठताना सावकाश उठावे, नाहीतर घेरी येते.