छतावरील सौरवीज : बचत किती, भरवसा किती?

रुग्णालयाच्या छतावर सौरवीज संच बसवावा, अशी सूचना अनेक हितचिंतकांनी आस्थेने केली आहे. संच बसल्यावर जनरेटरची गरज उरणार नाही, अशीही काहींची समजूत आहे. निधी उभारण्यापूर्वी याविषयी खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

पॅनेलवर ऊन पडले की डीसी वीज निर्माण होते. इन्व्हर्टर तिचे वीज कंपनीच्या पुरवठ्याशी जुळणाऱ्या ५० हर्ट्‌झच्या एसी विजेत रूपांतर करतो. ही वीज प्रथम इमारतीत वापरली जाते. उरलेली कंपनीच्या वाहिनीत जाते आणि कमी पडल्यास तेथूनच घेतली जाते. या देवघेवीची नोंद नेट मीटर ठेवतो. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने यासंबंधीचे नियम २०१५ साली प्रथम केले व २०१९ साली ते नव्याने घालून दिले.

एक किलोवॉटच्या संचास सावलीविरहित सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. म्हणजे ५० किलोवॉटसाठी ५,००० चौरस फूट छत हवे आणि महिन्याकाठी सुमारे ६,००० युनिटांची बचत होईल. पावसाळ्यात उत्पादन घटते. धूळ साचू दिल्यासही घटते. बाह्यरुग्ण विभाग, क्ष-किरण व शस्त्रक्रियागृह यांचा वापर मुख्यतः दिवसाच होत असल्याने बहुतेक वीज जागच्या जागी उपयोगी पडेल.

मात्र बाहेरील वीजपुरवठा खंडित होताच हा संच भर दुपारीही आपोआप बंद होतो. हा दोष नसून सुरक्षेची योजना आहे. अन्यथा बंद समजल्या गेलेल्या वाहिनीत वीज शिरून दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. या संचात बॅटऱ्याही नसतात. म्हणूनच त्याचा खर्च आटोक्यात राहतो. त्यामुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णाची सुरक्षितता पूर्वीप्रमाणे यूपीएस व जनरेटर यांवरच अवलंबून राहील.

केंद्र शासनाच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेचे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे. रुग्णालयांना ते लागू नाही. सबब संपूर्ण खर्चाची तरतूद न्यासासच करावी लागेल. सौर संच वीजबिल कमी करील आणि ती बचत गरजू रुग्णांच्या उपचारांकडे वळविता येईल. परंतु जनरेटरच्या देखभालीची रक्कम त्यासाठी वळवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. देणगीदारांनी ही दोन्ही कामे स्वतंत्र मानून साहाय्य करावे, ही नम्र विनंती.